फिलिपिन्समध्ये फक्त हॉलिवूड चालतं? साफ चूक

‘फिलिपिनो प्रेक्षक पैसे मोजतो ते हॉलिवूडसाठीच,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. एरवीच्या महिन्यांत मार्व्हलसारखे पट मनिलाच्या मॉलमधल्या पडद्यांवर ठाण मांडतात, हे खरं. पण 25 डिसेंबरला चित्र पालटतं. 1975 पासून चालत आलेल्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवामुळे साधारण दोन आठवडे थिएटरं देशी सिनेमांना राखीव असतात आणि नाताळच्या सुट्टीत अख्खी कुटुंबं रांगा लावतात. 2023 चा ‘रिवाइंड’ याच गर्दीत विक्रमी ठरला.

बरं, देशी सिनेमाला महोत्सवाचा टेकू लागतोच असंही नाही. कॅथ्रिन बर्नार्डो आणि ऑल्डन रिचर्ड्स यांचा ‘हॅलो, लव्ह, अगेन’ नोव्हेंबर 2024 मध्ये आला आणि एक अब्ज पेसोंचा टप्पा ओलांडणारा पहिला फिलिपिनो चित्रपट ठरला. कथा कॅनडातल्या स्थलांतरित फिलिपिनोंची. घरातलं कुणी ना कुणी परदेशी राबत असलेल्या देशाला ती भिडणारच!

आकडे वाचताना मात्र सावध राहा. देशी चित्रपटाच्या कमाईत बहुधा परदेशातली तिकिटंही धरलेली असतात, हॉलिवूडपटाची मात्र फिलिपिन्सपुरतीच सांगतात. त्या दोन रकमा थेट शेजारी मांडणं चुकीचं आहे.