संयुजा

संयुजा म्हणजे इतरांना जोडून घेण्याची क्षमता. रसायनशास्त्रात ती अणूची असते, भाषाशास्त्रात क्रियापदाची. दोन्हीकडे ती ०, १, २, ३ अशा लहान आकड्याने सांगतात. शब्दाच्या मुळाशी ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे.

नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक यांचे अणू ठरावीक संख्येनेच इतर अणूंशी जोडले जातात, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये मांडले. हायड्रोजनची संयुजा १, ऑक्सिजनची २, कार्बनची ४. संयुगाचे सूत्र काढताना दोन मूलद्रव्यांच्या संयुजांचा तिरकस गुणाकार करतात. ॲल्युमिनियमची ३, ऑक्सिजनची २. म्हणून ॲल्युमिनियमचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन्ही संयुजा २ असल्याने २:२ येते, ते १:१ करायचे असते. मात्र हे संक्षेपण सगळीकडे चालत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत दोन्हींचे दोन-दोनच अणू असतात, कारण तिथे ऑक्सिजनचे अणू एकमेकांनाही जोडलेले आहेत.

एकाच मूलद्रव्याच्या दोन संयुजाही असू शकतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्यातले लोह २ संयुजेचे. त्याचे फिकट हिरवे खडे दमट हवेत उघडे राहिले की वरून पिवळट तपकिरी पडतात, कारण पृष्ठभागावरचे लोह ३ संयुजेचे होते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो संयुजा आणि ऑक्सिडीकरण अंक (बंधातले इलेक्ट्रॉन पूर्णपणे एकाच अणूकडे गेले असे धरून अणूवर मानलेला प्रभार) यांच्यात. मिथेनमध्ये कार्बनचा ऑक्सिडीकरण अंक उणे ४, फॉर्माल्डिहाइडमध्ये ०, कार्बन डायऑक्साइडमध्ये अधिक ४. संयुजा मात्र तिन्हीकडे ४च, आणि तिला अधिक-उणे चिन्ह नसते.

भाषाशास्त्रात ही कल्पना रुजवली ती फ्रेंच अभ्यासक ल्युसिएँ तेनिएर यांनी. त्यांचा मुख्य ग्रंथ मृत्यूनंतर, १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रियापद हे अडकवायचे हुक असलेल्या अणूसारखे आहे आणि त्या हुकांत सहभागी घटक अडकतात, ही त्यांची उपमा. ‘उजाडले’ याला कोणीच लागत नाही, संयुजा ०. ‘मूल झोपले’ १, ‘सुताराने फळी कापली’ २, ‘आजीने नातवाला खाऊ दिला’ ३. मराठी व्याकरणातले भावकर्तृक (वेगळा कर्ता नसलेले), अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक हे वर्गीकरण याच्या अगदी जवळचे आहे. पण एकच नाही. ‘मला मळमळते’ यातले क्रियापद आपण भावकर्तृक मानतो. संयुजेच्या हिशेबात मात्र मळमळ ज्याला होते तो धरावाच लागतो, म्हणून १.

मोजणी चुकते ती वाक्यात दिसणारे शब्द मोजल्यामुळे. ‘जेवण वाढलेस का?’ यात कोणी वाढले आणि कोणाला, हे संदर्भाने कळते. म्हणून ते शब्द गळले, पण ‘वाढणे’ची संयुजा ३च राहिली. उलट ‘आजीने काल अंगणात नातवाला खाऊ दिला’ यातले ‘काल’ आणि ‘अंगणात’ हिशेबात येत नाहीत. स्थळ नेहमीच वगळावे असेही नाही: ‘ती साताऱ्यात राहते’ यातून ‘साताऱ्यात’ काढले की वाक्य लंगडे होते, म्हणजे तिथे स्थळ हा क्रियापदाचा हक्काचा घटक आहे. गाळून पाहणे ही कसोटी उपयोगी खरी, पण ती संदर्भ नसलेल्या सुट्या वाक्यावर लावावी.

मराठीत संयुजा वाढवण्याचे हुकमी साधन म्हणजे प्रयोजक क्रियापद. ‘बाळ झोपले’ १, ‘आईने बाळाला झोपवले’ २. ‘बाळ दूध प्यायले’ २, ‘आईने बाळाला दूध पाजले’ ३. ‘फुटणे–फोडणे’, ‘पडणे–पाडणे’ या जोड्यांत हेच काम धातूतला स्वर, कधी व्यंजनही, बदलून होते. ‘जाणे’ जोडून केलेल्या कर्मणी रचनेत आकडा उतरतो: ‘पोलिसांनी चोर पकडला’ यात दोघे लागतात, ‘चोर पकडला गेला’ यात एकट्या चोरावर भागते.