कोयनेचा धडा, जगाचा वर्ग

काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं हे शिकणारा अभियंता ब्राझीलमधला असो, चीनमधला असो की इराणमधला, त्याला एक नाव कधी ना कधी भेटतंच. कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यातल्या या धरणाच्या पोटात, गॅलरीत बसवलेल्या यंत्राने हादऱ्यांची नोंद केली. १०३ मीटर उंचीच्या भिंतीला, जिथे तिचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभं राहिलं. हादरा किती बसला आणि भेग नेमकी कुठे पडली, या दोन्ही गोष्टी एकाच धरणाच्या बाबतीत नीट हाती लागणं फार दुर्मीळ. त्यामुळे धरणाच्या वागणुकीचं नवं गणित कुणी मांडलं की ते आधी कोयनेवर लावून पाहतात. अभियांत्रिकीच्या नामांकित सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेतसुद्धा कोयना धरण सोडवलेल्या उदाहरणासारखं येतं.

आपत्तीचं शिक्षण म्हटलं की आपल्याला जपान आठवतो. ते बरोबरच आहे. पण या विषयात सातारा जिल्ह्याने जगाला जे दिलं त्याचा हिशोब आपण क्वचितच मांडतो. आणि जगाने त्यातून जे शिकून घेतलं ते परत फिरून पाटणच्या, शिराळ्याच्या, पलूसच्या शाळेत पोचलं का, हा प्रश्न तर त्याहून कमी विचारला जातो.

१९६७ पर्यंत दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने शांत प्रदेश असाच समज होता. कोयनेच्या जलाशयात, म्हणजे शिवाजीसागरात, १९६१-६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि बारीक धक्के जाणवायला लागले. मग पाच वर्षांनी ६.३ रिश्टरचा तो मोठा भूकंप. कोयनानगर जवळजवळ झोपलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्याच दशकात चीनमधल्या शिनफेंगज्यांग, आफ्रिकेतल्या करिबा आणि ग्रीसमधल्या क्रेमास्ता या जलाशयांजवळही सहाच्या वरचे भूकंप झाले होते. चारही ठिकाणी नवं धरण, चारही ठिकाणी भूकंप. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युनेस्कोने मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांसाठी स्वतंत्र कार्यगट नेमला. जलाशयामुळे सुरू झालेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप आजही सर्वांत मोठा मानला जातो.

पाण्याने भूकंप होतो म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण चहाच्या टपरीवर याची फार सोपी आवृत्ती फिरते. पाण्याच्या वजनाने जमीन खचते आणि हादरते, असं काही नाही. खडकात ताण लाखो वर्षं साठत आलेला असतो. जुन्या भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या खोल तड्याच्या, दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, म्हणून त्या घसरत नाहीत. जलाशयाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं आणि तिथल्या छिद्रांमधला दाब वाढवतं. त्या दाबाने दोन बाजूंची पकड सैल होते. कोरड्या फरशीवर न हलणारं लोखंडी कपाट खाली पाणी गेलं की एका धक्क्यात सरकावं, तसं काहीसं. धक्का देणारा ताण आधीपासून होताच. पाण्याने फक्त घाई केली. म्हणूनच कोयना परिसरात पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुढे तो उतरू लागल्यावर धक्के वाढलेले दिसतात. १९८५ नंतर शिराळा तालुक्यातल्या वारणा धरणात पाणी साठू लागलं तसे धक्के दक्षिणेकडेही सरकले. साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात १९६७ पासून पाच किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे २० पेक्षा जास्त भूकंप झालेत. एवढ्याशा जागेत, इतकी वर्षं, इतक्या नियमाने भूकंप होण्याचं ठिकाण शास्त्रज्ञांना दुसरीकडे सहसा मिळत नाही.

त्यामुळेच २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक खोदकाम कार्यक्रमाच्या मदतीने देशोदेशीचे शास्त्रज्ञ या कामासाठी एकत्र आले. पुढे पाटण तालुक्यातल्या गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. बेसॉल्टचा सुमारे सव्वा किलोमीटरचा थर पार करून यंत्र खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरलं. हे काम बघणारी केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा आपल्या कराडात आहे.

आता दुसरी बाजू. जगाने शाळांबद्दल जे शिकून घेतलं ते बहुतेक वेळा मुलांचे जीव गेल्यावर. २००१ च्या कच्छच्या भूकंपात, २००५ च्या काश्मीरच्या भूकंपात, २००८ च्या सिचुआनमध्ये शाळांच्या इमारती मुलांच्या अंगावर आल्या. नेपाळचा २०१५ चा मोठा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या आणि त्या रिकाम्या होत्या. याला नियोजन म्हणत नाहीत. पण काठमांडू खोऱ्यातल्या काही शाळा आधीच, परदेशी मदत आणि नेपाळी गवंडी यांच्या जोरावर, बळकट करून घेतलेल्या होत्या. त्या टिकल्या. हे मात्र नियोजनच.

संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर या सगळ्याचे करारही झाले. २००५ मध्ये कोबे इथे ह्योगो आराखडा, २०१५ मध्ये सेंदाई आराखडा, जो २०३० पर्यंत चालेल. शाळांसाठी त्याच धाग्यातून तीन खांबांची कल्पना पुढे आली : इमारत सुरक्षित हवी, शाळेचा आपत्तीचा आराखडा हवा आणि अभ्यासक्रमात जोखमीचं शिक्षण हवं. कागदावर तिन्ही आपल्याकडे पोचलेत. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, दहावीच्या विज्ञानात आपत्ती व्यवस्थापनाचं प्रकरणही आहे. आराखड्यांबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही. ती भाषा सगळ्या देशांत सारखीच कोरडी असते.

खरी शिकवण घटनांमध्ये सापडते, आणि त्यातल्या दोन जपानी घटना सांगलीकराने तरी नीट वाचायला हव्यात. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशी शहरातली सुमारे ३,००० शाळकरी मुलं जवळजवळ सगळी वाचली. प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी तिथे काही वर्षं शिक्षकांना आणि मुलांना तयार केलं होतं. त्यांचा पहिला नियम ऐकायला विचित्र वाटतो : नकाशावर विश्वास टाकून बसू नका. पूररेषेच्या नकाशात तिथल्या शाळा सुरक्षित भागात होत्या. मुलं तरीही पळाली, ठरलेल्या जागी पोचली, ती जागा पुरेशी उंच वाटेना म्हणून आणखी वर गेली. मोठी मुलं लहानांचे हात धरून होती. शाळा आणि ती ठरलेली जागा, दोन्ही पाण्याखाली गेल्या. त्याच दिवशी इशिनोमाकीतल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं पाऊण तासाच्या वर मैदानात थांबवून ठेवली होती. मागे टेकडी होती. १०८ पैकी ७४ मुलं गेली.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चढत होतं आणि घराघरांत एकच वाक्य होतं, "२००५ ला इथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काय येत नाही." भिंतीवरची २००५ ची खूण हाच आमचा नकाशा. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर आधी भरणार हेही ठाऊक असतं. ज्ञान कमी नव्हतंच. नडला तो मागच्या पुरावर ठेवलेला विश्वास. पाणी दारात आल्यावर बाहेर पडायची धावपळ झाली आणि ब्रह्मनाळला बोट उलटली ती याच दिवसांत. कातादांचा पहिला नियम समुद्र नसलेल्या सांगलीला इतका चपखल बसतो, याचं मला नवल वाटत नाही. माणसाचं मन समुद्रकाठी आणि नदीकाठी सारखंच चालतं.

पण सगळंच असं उचलून आणता येत नाही, आणि इथे माझा आपल्या शाळांमधल्या मॉक ड्रिलशी थोडा वाद आहे. खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा, ही सूचना कॅलिफोर्नियाच्या आणि जपानच्या इमारतींसाठी उत्तम आहे. तिथे छत सहसा कोसळत नाही. अंगावर पडतात ती कपाटं, दिवे, काचा. कोयनेच्या खोऱ्यात १९६७ ला माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली, आणि पहाटे सव्वाचारच्या पुढे, झोपेत. तिथे टेबल कुठलं? अशा बैठ्या, जड छपराच्या घरात दाराजवळ असलेल्या माणसाने बाहेर पडावं की आत आडोसा घ्यावा, यावर तज्ज्ञही सरसकट एक उत्तर देत नाहीत. घर बघून सूचना ठरवा, असं म्हणतात. आपण मात्र तेच चित्र छापून सगळ्या वर्गांत लावतो. पाटणच्या मुलाला खरं शिकवायला हवं ते भिंतीबद्दल. दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर वेगळे का सुटतात, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड त्यांना कसे बांधून ठेवतात, दार-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींना फिरवलेला काँक्रीटचा पट्टा घराची पेटी कशी करतो. हे आठवीच्या मुलाला सहज समजतं. घर बांधताना बापाशी वाद घालायला तेवढं पुरतं.

दरडींचंही तेच. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्यांवर डोंगर आला. बाहेरून आलेल्या साहित्यात भूकंप, आग, त्सुनामी भरपूर असतं. सह्याद्रीतल्या दरडीबद्दल मुलांसाठी फार थोडं. खरं तर खुणा बघता येतात. उतारावर नवी भेग, कललेली झाडं, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं किंवा नवीनच ठिकाणी पाणी फुटणं. गुरं घेऊन डोंगरात जाणाऱ्या माणसाला यातलं बरंच माहीत असतं. इंडोनेशियातल्या सिमेउलू बेटावर असंच घरगुती ज्ञान कामाला आलं. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथल्या आजीआजोबांनी गाण्यांतून टिकवली : मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की टेकडी गाठायची. २००४ मध्ये लाट काही मिनिटांत आली. सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या बेटावर सात माणसं गेली. तिथे ना सायरन होता, ना पुस्तक.

मग देवाणघेवाण कशाची करायची? मला नेपाळचा एक प्रयोग सर्वांत पटतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी, त्यात नेपाळीही होते, २०१९ च्या सुमारास नेपाळातल्या वीसेक शाळांत स्वस्तातले छोटे भूकंपमापक बसवले. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. धक्का बसला की मुलं स्वतःच्या शाळेतली नोंद पडद्यावर बघतात, आधी येणारी प्राथमिक लहर आणि मागून येणारी दुय्यम लहर ओळखतात, दोन्हींमधल्या वेळावरून भूकंपाचं अंतर काढतात. शास्त्रज्ञांना नोंदी मिळतात, शाळेला शास्त्र मिळतं. पाटण आणि शिराळा तालुक्यांत हे करायला तर अडचणच नाही. इतर बहुतेक ठिकाणी मुलांना अभ्यासासाठी धक्क्यांची वाट बघावी लागेल. आपल्याकडे ते घरपोच येतात. कराडची प्रयोगशाळा तासाभराच्या वाटेवर आहे.

सांगलीसाठी यंत्रही लागत नाही. आयर्विन पुलाची पातळी, कोयना आणि वारणेचा विसर्ग, महाबळेश्वर-नवजाचा पाऊस हे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. आठवीच्या वर्गाने जून ते सप्टेंबर ते आलेखावर मांडले, तर वर पडलेला पाऊस आणि सोडलेलं पाणी पुलाखाली यायला किती वेळ लागतो, हे मुलांना स्वतःच्या वहीत सापडेल. १३ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय आपत्ती जोखीम न्यूनीकरण दिन आहे म्हणून त्या दिवशी ड्रिल करण्यापेक्षा, आणि तोवर सांगलीचा पूर ओसरून घरं सारवूनही झालेली असतात, हे काम जूनमध्ये शाळा उघडताच सुरू झालेलं बरं.

आणि त्यात एक रकाना अलमट्टीचा, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाचा, हवा. दर महापुरात सांगली-कोल्हापूर आणि कर्नाटक यांच्यात अलमट्टीच्या फुगवट्यावरून, म्हणजे धरणामागे नदीत उलट चढत येणाऱ्या पाण्यावरून, भांडण पेटतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य राहू द्या, आंतरराज्यच झालं तरी पुष्कळ. सांगलीतल्या एका शाळेने विजयपूर-बागलकोटकडच्या एका शाळेशी रोजचे आकडे वाटून घ्यायचे ठरवले, तर पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडच्या मुलांना एक अडचण येईल. आयर्विनची पातळी पुलाच्या मोजपट्टीवरच्या फुटांत असते; अलमट्टीची समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, पूर्ण भरल्यावर ५१९.६०. दोन्हींची तुलना करायची तर आयर्विनच्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते पाटबंधारे खात्याकडून मागून घ्यावं लागेल, मग फुटांचे मीटर करून त्यात मिळवावे लागतील. तेवढं केलं की फुगवटा कधी सांगलीपर्यंत पोचू शकतो आणि कधी नाही, यावर मुलांना घसा न ताणता बोलता येईल.