न उडालेली केप परत वापरावी का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या भागात पीकरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी अजून आहेत. बंदुकीचा उपयोग मुख्यतः आवाजापुरता, कारण रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी आधी. पावसाळ्यात कधीतरी चाप ओढावा, घोडा पडावा आणि बार होऊच नये. मग चर्चा सुरू होते: केप, म्हणजे घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी, काढून, उन्हात वाळवून परत लावली तर? काडतुसाची बंदूक असलेला विचारतो, पुंगळीतला प्रायमर (काडतुसातली तशीच टोपी) ढकलून काढला तर? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच रसायनात आहे.

केप किंवा प्रायमर म्हणजे पातळ धातूची वाटी आणि तिच्या तळाशी काही दहा-वीस मिलिग्रॅम मसाला. काडतुसाच्या प्रायमरमध्ये वाटीच्या तोंडाशी एक छोटी ऐरणही असते. बंदुकीची पिन वाटीत खळगा पाडते, मसाला ऐरणीवर चिरडला जातो, ठिणगी आतल्या दारूला पोचते. ही कल्पना अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर भडका उडायचा आणि तो पाहून पाखरं पळायची, म्हणून शिकारीच्या हौसेपायी त्यानं आघातानं पेटणारा मसाला वापरला आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. पुढे केपेत पाऱ्यापासून केलेला मसाला आला. आजच्या प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग, लेड स्टिफ्नेट, असतं.

ठोका बसला की हा मसाला का पेटतो? ठोक्यानं सगळा मसाला एकदम तापतो असं नाही. फ्रँक बोडेन आणि एब योफे यांनी केंब्रिजमध्ये दाखवून दिलं की स्फोटाची सुरुवात फार सूक्ष्म जागी होते. स्फटिकांच्या फटीत अडकलेली हवा क्षणात दाबली जाते आणि तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं तशी. कण एकमेकांवर घासूनही तसेच तप्त बिंदू तयार होतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जागी तापमान काही शे अंशांवर गेलं, की पुढचं सगळं आपोआप. काही मसाल्यांत काचेची पूड मुद्दाम मिसळतात, ती याच घर्षणासाठी.

इथेच खरी मेख आहे. जोर तेवढाच, पण सावकाश लावला, तर उष्णतेला पसरायला वेळ मिळतो आणि तप्त बिंदू सहसा तयार होत नाही. अमेरिकेत काडतुसं घरी भरण्याचा छंद कायदेशीर आहे. तिथले लोक जिवंत प्रायमर काढतात ते याच भरवशावर: दारू आधी रिकामी, डोळ्यांवर चष्मा, एका वेळी एकच पुंगळी, आणि यंत्राचा दांडा अगदी हळू. खिळा-हातोडी घेऊन बसणारा माणूस मात्र पिनेचंच काम करत असतो. बरं, ‘सहसा’ या शब्दावर किती विसंबायचं? आत खरखरीत कण आहेत, वाटी वाकडी झाली की मसाल्याला तडे जातात, आणि तडा कुठे गेला ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून एकदा पिनेचा मार खाल्लेला प्रायमर परत वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मसाला भुगा झालेला असू शकतो. तो पुढच्या वेळी उडेल की नाही, आणि हातात असताना उडेल का, दोन्ही सांगता येत नाही. मार न बसलेला, नुसता चुकून बसवलेला प्रायमर ही वेगळी गोष्ट. तोही सुटा डबीत टाकून खुळखुळवू नये. कारखाने प्रत्येक प्रायमर वेगळ्या कप्प्यात देतात, कारण एक उडाला तर शेजारचेही उडतात.

प्रायमर तेलात किंवा पाण्यात बुडवला की मेला, ही समजूत आपल्याकडेही आहे. लेड स्टिफ्नेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि प्रायमरवर बऱ्याचदा लाखेचा थर असतो. भिजलेला प्रायमर गप्प बसतो, वाळला की पुन्हा बोलू शकतो. उन्हात वाळवलेल्या केपेचंही तेच.

कायद्याचं थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं भरायचा परवाना नव्हे. तेव्हा न उडालेलं काडतूस जसंच्या तसं परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात न्यावं, चुलीत किंवा कचऱ्यात नको.

आणि बार झाला नाही तर केप काढायची घाई करू नये. ठिणगी दारूत धुमसत असेल तर बार उशिरा होतो. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून काडतुसाच्या बंदुकीला निदान अर्धा मिनिट, ठासणीच्या बंदुकीला एक मिनिटाहून जास्त थांबावं, आणि तोवर नळीत डोकावू नये.