विसरण्यासाठी लिहायचं की आठवण्यासाठी?

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले असत. तिथेच सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींची रजा, फी भरायची शेवटची तारीख. महिनाअखेरीला दूधवाला आला की आई कॅलेंडरापुढे उभी राहून हिशेब सांगे. कुठल्या दिवशी दूध घेतलं नव्हतं, हे तिने डोक्यात ठेवलेलंच नसे. डोक्यातलं ओझं असं बाहेरच्या वस्तूवर उतरवण्याला मानसशास्त्रात ‘कॉग्निटिव्ह ऑफलोडिंग’ म्हणतात. मोबाइलमधली गूगल कीप, वननोट किंवा नोशन ही नोंदी ठेवायची ॲप करतात ते हेच काम.

त्याची गरज पडते, कारण या क्षणी मनात धरून ठेवायची आपली जागा फार लहान आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ती साधारण सात गोष्टींची सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. चारांतली एक जागा ‘साहेबांना फाइल पाठवायची राहिली’ या विचाराने अडवली, तर समोरच्या कामाला उरतं किती?

अर्धवट कामं मनातून जात नाहीत, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिनमधल्या प्रयोगांवरून मांडलं. मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत होती. नंतरच्या प्रयोगांत हा निष्कर्ष प्रत्येक वेळी मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी दाखवलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. काम बाकी असलेल्या माणसांचं वाचताना लक्ष भरकटत होतं. ज्यांना ते काम कधी, कसं करायचं याचा नेमका बेत आखायला लावला, त्यांचं भरकटणं थांबलं. काम तर झालेलंच नव्हतं! मनाला बेत पुरला.

म्हणून ॲपमध्ये नुसतं ‘वीजबिल’ लिहून भागत नाही. ‘शुक्रवारी पगार जमा झाला की जेवणाच्या सुट्टीत वीजबिल भरणे’ असं लिहिलं की मन ते सोडून देतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसलं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

पण हे सगळं विश्वासावर चालतं. स्टॉर्म आणि स्टोन यांनी २०१५ साली लोकांना एक शब्दांची फाइल वाचायला दिली, मग दुसरी. पहिली सेव्ह करून ठेवली तर दुसरीतले शब्द जास्त लक्षात राहिले. मात्र सेव्ह केलेली फाइल मिळेलच याची खात्री नसेल, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. थोडं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेलं, थोडं वहीच्या मागच्या पानावर, थोडं ॲपमध्ये असं पसरलेलं असलं की मन काहीच सोडायला तयार होत नाही. कॅलेंडर एकच होतं आणि रोज डोळ्यांसमोर होतं, हे त्याचं खरं बळ.

फोल्डर बनवण्यात मात्र जीव आटवू नये असं माझं मत आहे. स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ३४५ जणांनी जुने ईमेल कसे शोधले ते तपासलं. फोल्डरमधून शोधायला सरासरी ५८ सेकंद लागत होते, शब्द टाकून शोधायला १७. ईमेल म्हणजे नोंदवही नव्हे, पण धडा जवळचा आहे.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना इथे एक वेगळी अडचण येते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ‘अॅ’ लिहीत, आणि काही कीबोर्डवर अजून तसंच उमटतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे ‘ॲडमिशन’ शोधताना ‘अॅडमिशन’ सापडेलच असं नाही. मिटिंग की मीटिंग, आकडे मराठी की इंग्रजी, हीही तीच गत. प्रत्येक विषयासाठी एक शब्द ठरवून तो नेहमी एकाच पद्धतीने लिहावा. शोध तिथेच जमतो किंवा फसतो.

अभ्यासात मात्र हे गणित उलटं होतं, आणि विद्यार्थ्यांची फसगत होते ती इथे. ऑफिसातली नोंद डोकं मोकळं करायला. अभ्यासातली गोष्ट डोक्यातच राहायला हवी. सगळं ॲपमध्ये सुरक्षित आहे या समाधानात धडा शिकायचा राहून जातो. म्यूलर आणि ओपनहायमर यांनी २०१४ साली पाहिलं की लॅपटॉपवर टाइप करणारे व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. पुढे हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा गुणांतला फरक तितका ठाम निघाला नाही. त्यामुळे पेन की कीबोर्ड या वादात मी पडणार नाही.

त्याहून पक्का पुरावा रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगाचा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ५६ वर. परीक्षेच्या आदल्या रात्री रंगीत हायलाइट केलेल्या नोट्स वाचताना ‘सगळं येतंय’ असं वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांचं वाटणं असतं.

म्हणून धड्याची नोंद प्रश्नाच्या रूपात ठेवावी. नोशनमधल्या टॉगलच्या, म्हणजे दाबल्यावर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या नोंदीच्या, मथळ्यावर लिहायचं, ‘प्रकाशसंश्लेषणात सुटणारा ऑक्सिजन कशातून येतो?’ आणि ‘पाण्यातून’ हे उत्तर कारणासकट आत मिटवून ठेवायचं. आधी कोऱ्या कागदावर आपलं उत्तर लिहावं, मगच टॉगल उघडावा. कार्बन डायऑक्साइड लिहिलं असेल, तर तोच प्रश्न तीन दिवसांनी स्वतःला पुन्हा विचारावा. तो कधी विचारायचा हे लक्षात ठेवायचं काम मात्र खुशाल ॲपच्या रिमाइंडरवर सोपवावं.