पळसाच्या पंगतीला कोण कोण

होळीच्या आदल्या दिवशी आजी आम्हा पोरांच्या हातात टोपल्या द्यायची आणि बजावायची, “खाली पडलेलीच वेचा रे. झाडावरची ओरबाडू नका, पाखरांचं जेवण व्हायचंय अजून.” आजोळ महूच्या पलीकडे, पाताळपाणीच्या वाटेवर. शेतात गहू कापणीला आलेला आणि बांधावर अंगावर एकही पान न ठेवता केशरी फुलांनी लगडलेला पळस. इंदुरात आम्ही त्याला टेसू म्हणायचो, गावातले लोक खाखरा.

आजीचं ते वाक्य मला बरीच वर्षं नुसतं मायेचं वाटत होतं. त्यात वनस्पतिशास्त्रही आहे, हे उशिरा कळलं.

पळसाचं एक फूल तळहातावर घ्या. बुडाशी काळपट मखमली वाटी, त्यातून निघालेल्या पाच पाकळ्या, पाकळ्यांवर बाहेरून चंदेरी लव. त्यातल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखी बाकदार होडी तयार होते. म्हणूनच संस्कृतात हा किंशुक: ‘हा पोपट तर नव्हे?’ या चोचीत दहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर दडलेले असतात, आणि तळाशी भरपूर मध. वास मात्र नाहीच म्हणा ना. सुभाषितकारांनी त्यावरून पळसाला फार बोल लावलाय. विद्या नसलेला माणूस म्हणे गंध नसलेल्या किंशुकासारखा. मला हा अन्याय वाटतो. बहुतेक पक्षी फुलाकडे वासाने नव्हे, डोळ्यांनी येतात, आणि लाल-केशरी रंग त्यांना दुरूनही झकास दिसतो. पाहुणे रंग बघून येणार असतील तर अत्तरावर खर्च कशाला? पानं आधीच गळून गेलेली, त्यामुळे फुलांच्या आड यायलाही काही नाही.

पाहुण्यांची गर्दी तर विचारू नका. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पोपट. पण या गर्दीत झाडाचं काम कोण करतं? दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी पळसाच्या परागीभवनाचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना सात जातींचे पक्षी मध पिताना दिसले, पण परागीभवनाचं काम नीट करणारा त्यांत एकच: जांभळा शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी, उन्हात निळा-जांभळा चकाकणारा. (ही चकाकी रंगद्रव्याची नाही. पिसांमधल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, त्याची आहे. सावलीत गेला की स्वारी काळी दिसते.) तो मधाकडे चोच घालतो तेव्हा ती होडी दबते, पराग त्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या झाडापर्यंत जातात. दुसरी मदतनीस निघाली खार! पण ती बहुधा त्याच झाडावर या फांदीवरून त्या फांदीवर. परक्या झाडाचे पराग आणायचे तर शिंजीरच हवा. बाकीचे जेवून हात धुऊन मोकळे.

गावच्या पंगतीतही असंच असायचं. जेवायला शंभर, वाढायला चौघे. होळीनंतर देवळासमोर डाळ-बाफल्यांचं जेवण, पत्रावळी अर्थात पळसाच्या. फाल्गुनात झाडावर पान नसतं, म्हणून त्या आधीच टाचून, वाळवून ठेवलेल्या. जेवणाआधी पाणी शिंपडून मऊ करायच्या. द्रोणातून डाळ झिरपायला लागली की शेजारचा न बोलता स्वतःचा रिकामा द्रोण आपल्या द्रोणाखाली सरकवायचा. ‘पळसाला पाने तीनच’ हे सगळे म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबाने पान एकच. ती तीन म्हणजे त्याच्या पर्णिका. म्हण बदलायला मात्र मी सांगणार नाही.

वेचलेली फुलं रात्रभर मोठ्या पातेल्यात भिजायची, सकाळी उकळायची. पाणी पिवळं व्हायचं. मग आजी चुन्याची निवळी टाकायची आणि डोळ्यांदेखत पिवळ्याचं गडद केशरी! हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, जवळपास तीच ही गंमत. पळसातलं ब्युट्रिन हे द्रव्य आणि त्याचे भाऊबंद फ्लॅव्होनॉइड नावाच्या वनस्पतिद्रव्यांच्या कुळातले. अल्कधर्मी चुन्यामुळे या रेणूंतले काही प्रोटॉन सुटतात, इलेक्ट्रॉन जास्त सैल होतात आणि रेणू आधीपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषू लागतो. आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो उरलेला, म्हणजे लालसर. लिंबू पिळलं की रंग परत फिका पडतो. हा प्रयोग करून मी आजीच्या हातचा एक धपाटा खाल्लाय.

या रंगाची पहिली वाटी मुलांना मिळायची नाही. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरी मोठी माणसं आधी जायची. दारात क्षणभर उभी राहायची, घरच्यांच्या कपाळाला रंग लावायची, गूळ खाऊन परत यायची. त्यानंतर आमचा धुडगूस. पाच दिवसांनी इंदुरात परतून राजवाड्यापुढची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायची. तिथला रंग टँकरने उडतो, पण आजीच्या पातेल्यातल्यासारखा तो कानामागे आठवडाभर टिकत नाही.

पळसाचं उरलेलं काम वैशाखातलं. शेंग चपटी, कागदासारखी, आणि टोकाला एकच बी. म्हणून शास्त्रीय नावात ‘मोनोस्पर्मा’. लू सुटली की या शेंगा उडत आजोळच्या अंगणात येऊन पडायच्या. झाडून झालं की सगळा कचरा उकिरड्यावर जायचा. या शेंगा मात्र आजी सुपात वेगळ्या काढायची आणि पाऊस पडायच्या आत नाल्याच्या काठाला नेऊन उधळून यायची.