बेळगाव आधी वाढलं, प्लॅन मागून आला

बेळगावच्या शिवारातून जाणारा हलगा-मच्छे बायपास आणि रिंग रोड म्हटलं की इथले शेतकरी एवढे का पेटतात असं बाहेरचे लोक विचारायलेत, म्हणून थोडं मागचं सांगतो.

बेळगावला एक मालक कधी नव्हताच. 1818 ला इंग्रजांनी किल्ला घेतला, नंतर गावाच्या पश्चिमेला कॅम्प बसवला, रुंद रस्ते, बंगले, मोठाली झाडं, सगळं लष्करासाठी. मधे गणपत गल्ली, मारुती गल्लीचं दाटीवाटीचं गाव, ते नगरपालिकेचं. आणि शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात, म्हणजे बाजारातून चालत निघालात की थोड्या वेळात दुसऱ्या राज्यात! त्यात रेल्वे आली, तिनं टिळकवाडी बाजूला तोडली, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट हे आमचे पत्तेच झाले.

मुंबई इलाख्यात 1915 ला टाउन प्लॅनिंगचा कायदा झाला, देशातला पहिला. त्यातली टीपी स्कीम मला अजून सगळ्यात सरळ वाटते, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, मैदानं काढून घ्यायची आणि उरलेलं ज्याचं त्याला नीट प्लॉट पाडून परत द्यायचं. बेळगाव तेव्हा मुंबईकडेच होतं की. पण 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलो आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. सीमावादाचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, पण प्लॅनिंगचं काय झालं ते कोण बोलत नाही. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावात येतात, पण बेळगावचा नकाशा सीमेवरच्या शिनोळी गावाच्या अलीकडेच संपतो. पलीकडचं पलीकडच्यांनी बघायचं.

म्हैसूरचा नियोजन कायदा 1961 चा, पण बुडा, म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण, आली 1987 च्या कायद्यानं. मधल्या काळात उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या वाढल्या, कामगार आले, ते राहणार कुठं? बुडानं रामतीर्थनगर, महांतेशनगर असे लेआउट पाडले खरे, पण ते उत्तरेकडं. दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार, बासमतीच्या भाताचं, तिथं प्लॅन आला नाही, घरं मात्र आली. लग्नाला पैसे पाहिजेत म्हणून कोणी दोन गुंठे काढले, कोणी चार, बॉन्ड पेपरवर व्यवहार, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, रस्ता म्हणजे पूर्वीची बैलगाडीची वाट, समोरून टेम्पो आला की स्कूटरवाल्यानं कुणाच्या तरी पायरीला टेकून उभं राहायचं. पावसाचं पाणी जायच्या जागा बुजत गेल्या आणि बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरून भात कुजायला लागलं, हे आता जवळपास दर पावसाळ्याचंच झालंय.

2012 ला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, उभी राहिली आणि त्या बाजूचे जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत नंबर लागला, पण रस्ते-फुटपाथ झाले ते शहराच्या आत. शिवाराच्या वाट्याला आलं भूसंपादन, तेही कानडीतल्या नोटिशीनं, ती वाचून घ्यायलाच आधी कुणाला तरी शोधावं लागतं.

एकरभर जमीन असलेल्याला त्यातून रस्ता गेल्यावर दोन्हीकडे चिंचोळ्या पट्ट्या उरतात, त्यात ना भात होतं ना घर. आता बुडाच्या हद्दीत आणखी गावं घ्यायचं चाललंय म्हणतात, तर गावातली माणसं एवढंच विचारायलेत, जमीन नुसती घेणार की प्लॉट करून काही परत देणार?