आयनांबरातील लहरींचा माग

लांबवरचे शॉर्टवेव्ह केंद्र ऐकताना आवाज संथपणे चढतो, उतरतो आणि काही वेळाने पुन्हा चढतो, तेव्हा दोष अनेकदा रेडिओचा नसतो. जमिनीपासून २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या (सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेल्या विरळ हवेच्या) ज्या थरावरून संदेश परततो, तो थरच हेलकावत असतो.

या हेलकाव्यांचे मूळ बहुधा विद्युतभाररहित हवेत असते. गडगडाटी वादळे, डोंगररांगांवरून वाहणारे वारे किंवा भूचुंबकीय वादळात ध्रुवीय प्रदेशात एकाएकी तापणारी हवा यांतून गुरुत्व-लहरी उठतात, म्हणजे वर ढकललेली हवा वजनाने पुन्हा खाली येताना होणारी आंदोलने; अवकाशातील गुरुत्वीय लहरी त्या नव्हेत. वर जाताना हवा विरळ होत गेल्याने त्यांचा आयाम (हेलकाव्याचा आवाका) वाढतो आणि आयनांबरात पोहोचल्यावर त्या इलेक्ट्रॉनांना चुंबकीय बलरेषांच्या दिशेने मागेपुढे ढकलतात. हे स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन हाइन्स यांनी १९६० मध्ये मांडले.

लहरींचा माग काढण्याची मला सर्वांत देखणी वाटणारी पद्धत डॉप्लर परिणामावर, म्हणजे परावर्तक जवळ वा दूर सरकल्याने संदेशाची वारंवारता बदलण्यावर, आधारलेली आहे. समजा, १० मेगाहर्ट्झचा अत्यंत स्थिर संदेश सरळ वर पाठवला आणि परावर्तक थर सेकंदाला १५ मीटर वेगाने खाली येऊ लागला, तर परतलेल्या संदेशाची वारंवारता अवघ्या १ हर्ट्झने वाढते. एक कोटीत एक एवढा हा फरक टिपायचा, तर रिसीव्हरचे घड्याळही तितकेच काटेकोर लागते. आलेखावरची रेषा १५ ते ६० मिनिटांत एक चढउतार पुरा करते, आणि तोच चढ तीन ठिकाणी किती उशिराने दिसला, यावरून लहरीची दिशा व वेग निघतो.

दुसरे साधन जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांचे. दोन वारंवारतांचे संदेश आयनांबरातून वेगवेगळ्या विलंबाने येतात. त्या फरकावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या कळते. जपानमधल्या हजारांहून अधिक रिसीव्हरांच्या जाळ्याने ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर समुद्रावरून पसरणारी लहरींची वर्तुळे अशीच टिपली.

ध्रुवाकडून निघणाऱ्या मोठ्या लहरींची लांबी १,००० किलोमीटरहून अधिक असते. सेकंदाला ७०० मीटर वेगाने त्यांना ६५ अंश अक्षांशावरून ३० अंशांपर्यंत यायला सुमारे दीड तास लागतो, म्हणजे इशारा देण्यास अवधी मिळतो. काहीशे किलोमीटर लांबीच्या मध्यम लहरी मात्र कोठेही उठतात आणि याच उपग्रहांच्या संदेशांवरून सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजमाप करणाऱ्या सर्वेक्षकांच्या आकड्यांत चूक घुसवतात. त्यांच्यासाठी दाट जाळेच हवे, आणि म्हणूनच हौशी रेडिओचालकांनी घरोघरी बसवलेले स्वस्त डॉप्लर रिसीव्हर मला फार मोलाचे वाटतात.